कादंबरीचा खर्डा आणि धीराचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात प्रकाशनवर्षाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे लेखनकाळाला मिळालेले नाही. एखादी कृती किती काळ खर्ड्याच्या अवस्थेत राहिली, हा प्रश्न आपण चरित्रकारावर सोपवून मोकळे होतो. वास्तविक तो रूपबंधाचाही प्रश्न आहे.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढच्या अंकाची निकड हीच तेथे लेखनाची शिस्त होती. आपली कहाणी आपणच सांगणाऱ्या यमूच्या निवेदनाला ती मानवली. तथापि, याच पद्धतीत छापून गेलेल्या प्रकरणाकडे परत वळण्याची सवड नव्हती, आणि आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, हेही विसरता येत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या लेखनात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ‘कोसला’ (१९६३) त्यांनी पंचविशीत, अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. पुढे ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) आल्या. आणि ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली ती २०१० मध्ये, म्हणजे ‘झूल’नंतर एकतीस वर्षांनी. मधल्या काळात ‘टीकास्वयंवर’ (१९९०) आणि ‘देखणी’ (१९९१) प्रसिद्ध झाली, त्यामुळे लेखणी थांबली होती असे म्हणता येत नाही. थांबली होती ती कादंबरी.

एकाच लेखकाच्या हातून हे दोन्ही घडले असल्याने धीराला निव्वळ स्वभावगुण मानता येत नाही. ‘कोसला’त सारे अनुभवद्रव्य पांडुरंग सांगवीकरच्या एका जाणिवेतून येते, तिचा ओघ तुटला असता तर कादंबरीच तुटली असती. ‘हिंदू’चा निवेदक खंडेराव पुरातत्त्वज्ञ आहे. मोहेंजोदडोपासून खानदेशातल्या मोरगावापर्यंतचे थर तो उपसतो. असे द्रव्य एका बैठकीत हाती लागत नाही. साचलेल्या अडगळीला घाईने व्यवस्था न लावणे, हाच येथे लेखकाचा धीर ठरतो. ही कादंबरी पसरट वाटल्याची तक्रार झाली, ती अगदीच निराधार नाही. पण तो पसारा आशयसूत्राशी निगडित आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

तुळजापुरात भाद्रपद वद्य अष्टमीला भवानीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. या मंचकी निद्रेनंतरच घटस्थापना होते. ही निद्रा पूजेतला खंड न ठरता उत्सवाचे अंगच ठरते. खर्ड्याच्या स्तब्धतेकडे पाहण्याची एक दृष्टी या परंपरेतून मिळू शकते.

अर्थात, प्रत्येक विलंब सर्जनशील नसतो. आळस आणि भीती हीदेखील धीराचे सोंग घेतात. लोटलेला काळ कृतीच्या घडणीत उतरला आहे काय, एवढीच समीक्षेची कसोटी असू शकते. प्रकाशनांची संख्या मोजून लेखकाची आणि अध्यापकाची किंमत ठरवण्याच्या आजच्या व्यवस्थेत ही कसोटी गैरसोयीची आहे. परंतु ती सोडली, तर अपुऱ्या पिकलेल्या कादंबऱ्यांचे पीक उदंड येईल आणि खर्डा पुन्हा उघडून बसणारा लेखक मात्र मागे पडलेला गणला जाईल.