बुन्याचे वृक्ष कोणाचे?

१/ ऑस्ट्रेलियाची भूमी कोणाच्याही मालकीची नाही, असे गृहीत धरून इंग्रजांनी तेथे वसाहत उभारली. त्याच भूमीवर एका वृक्षाची मालकी मात्र बापाकडून मुलाकडे जात होती. हा धागा त्या वृक्षाविषयी. #इतिहास

२/ बुन्या हा आजच्या क्वीन्सलँड राज्यातील उत्तुंग सूचिपर्णी वृक्ष. त्याचा शंकू १० किलोपर्यंत भरतो आणि त्यात ५० ते १०० बिया असतात. भाजल्यावर त्या फणसाच्या आठळीसारख्या पिठूळ लागतात.

३/ साधारणतः दर तीन वर्षांनी भरघोस पीक येई. तेव्हा स्थानिक समाज दूरदूरच्या गटांना निरोप धाडत. बुन्या पर्वत आणि ब्लॅकॉल डोंगररांगेत मोठे मेळे भरत. तेथे विवाह जुळत, तंटे मिटत, वस्तूंची देवघेव होई.

४/ टॉम पेट्री लहानपणी अशा मेळ्याला गेला होता. त्याच्या आठवणी मुलीने १९०४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार प्रत्येक स्थानिक पुरुषाची दोन-तीन झाडे असत. त्यांवर इतर कोणी चढायचे नाही; बिया मात्र पाहुण्यांसह सर्वांनी वाटून खायच्या.

५/ या वारशामागचे कारण वृक्षाच्या वाढीत दिसते. रुजलेले बी आधी जमिनीखाली कंद धरते. कोंब कित्येक महिन्यांनी वर येतो. पहिले शंकू धरायला दीड-दोन दशके तरी जातात. एकदा फळू लागलेले झाड मात्र अनेक पिढ्यांना पोसते.

६/ १४ एप्रिल १८४२. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर जॉर्ज गिप्स याने बुन्याच्या प्रदेशात वसाहतीचे व लाकूडतोडीचे परवाने देण्यास मनाई केली. कारण दिले ते मूलनिवासींच्या अन्नाचे.

७/ पुढच्याच वर्षी विल्यम हूकर याने वृक्षाचे शास्त्रीय नामकरण केले: अरॉकॅरिया बिडविली. हे नाव नमुने लंडनला नेणाऱ्या जॉन बिडविल याच्यावरून आले.

८/ १८५९ मध्ये क्वीन्सलँड वेगळे झाले आणि १८६० च्या कायद्याने ती मनाई उठली. पशुपालक आले, १८८३ मध्ये बुन्या पर्वतात लाकडाची गिरणी सुरू झाली. शतक संपेपर्यंत मोठे मेळे थांबले होते.

९/ गिप्सच्या आदेशाने मूलनिवासींची भूक मान्य केली, मालकी नव्हे. जमीन राजसत्तेचीच राहिली. म्हणून ते संरक्षण अठरा वर्षांत काढून घेता आले. १९०८ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. झाडे वाचली, ती कोणाची, हा प्रश्न तेव्हाही कोणी मूळ मालकांना विचारला नाही.