थापेचा खेळ, हातवाऱ्यांचा खेळ : ‘डाँकी काँग जंगल बीट’ची दोन रूपे

‘डाँकी काँग जंगल बीट’ हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये ‘गेमक्यूब’ या संचासाठी प्रसिद्ध झाला. योशिआकी कोइझुमी हे त्याचे दिग्दर्शक. पुढील वर्षी तो युरोप व उत्तर अमेरिकेतही उपलब्ध झाला.

अडथळ्यांवरून उड्या मारत पुढे जाण्याचे खेळ नेहमी बटणांनी खेळले जातात. येथे मात्र खेळाडूच्या हाती बाँगोची छोटी जोडी असे. हे ढोल ‘डाँकी काँगा’ या २००३ च्या संगीत-खेळासाठी तयार करण्यात आले होते. उजव्या ढोलावर थाप दिली की वानरनायक उजवीकडे धावे, डाव्यावर दिली की डावीकडे. दोन्हींवर एकदम थाप पडली की उडी घेई. ढोलांमधील मायक्रोफोन टाळीचा आवाज टिपत असे आणि त्या आवाजाने शत्रू गांगरत, भोवतालची केळी गोळा होत. कसरती सलग साधल्या की गुण वाढत. त्यामुळे लय ही पार्श्वसंगीतात न राहता खेळाडूच्या तळहातात येई.

‘वी’ या संचासाठी या खेळाची सुधारित आवृत्ती जपानमध्ये डिसेंबर २००८ मध्ये, तर युरोप-अमेरिकेत २००९ मध्ये आली. तिच्यात ढोल वगळण्यात आले. चालण्यासाठी दांडी, उडीसाठी बटण आणि टाळी व ठोशांसाठी हातातील नियंत्रक हलवणे, अशी नवी योजना झाली. काही नव्या पातळ्याही जोडल्या गेल्या. वेगळे ढोल विकत घेण्याची गरज संपली, हालचाल अधिक अचूक झाली. मात्र धावणे आणि थाप यांचे नाते तुटले. ढोलकीचा बोल हार्मोनियमवर वाजवावा, तसा हा बदल होता.

कोइझुमी यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’ (२००७) या खेळात नियंत्रक झटकला की मारिओ गिरकी घेतो. तेथे हा हातवारा मुळापासून योजलेला होता. ‘जंगल बीट’मध्ये तो थापेच्या जागी बसवावा लागला.

‘वी’च्या सुरुवातीच्या संचांवर गेमक्यूबच्या तबकड्या चालत आणि ढोलही जोडता येत, नंतरच्या संचांतून ही सोय काढून टाकण्यात आली. म्हणूनच या खेळाचे जतन करताना तबकडी सांभाळणे पुरेसे नाही, ढोलही सांभाळावे लागतात.