दारूगोळा किती साठवावा? दिल्ली १८५७ ते पुलगाव २०१६

युद्धाचा इतिहास शिकताना आपण सेनापती, तारखा आणि तह पाठ करतो. कोणाकडे किती दिवसांचा दारूगोळा होता, हा प्रश्न बहुधा पुस्तकाच्या तळटीपेत राहतो. या टिपणात तोच प्रश्न मध्यभागी ठेवू. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे, त्यामुळे साठा, खप आणि पुरवठ्याला लागणारा वेळ या तीन गोष्टी मांडूनच मी या विषयाकडे पाहतो. तुम्ही कोणत्याही शाखेचे असलात तरी गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित इथे लागणार नाही.

१. दिल्ली, १८५७ : साठा एकाकडे, पुरवठा दुसऱ्याकडे

काश्मीर गेट मेट्रो स्थानकाकडून लाल किल्ल्याच्या दिशेने चालत निघालात तर लोथियन रोडवर, दोन्ही बाजूंनी वाहने जात असताना मधल्या बेटावर विटांची जुनी वेस दिसते. ब्रिटिशांच्या शस्त्रागाराचा हा उरलेला भाग आहे. ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. दुपारपर्यंत शस्त्रागाराला वेढा पडला. आत लेफ्टनंट विलोबी आणि आठ जण होते. माघार घेणे अशक्य झाल्यावर त्यांनी स्वतःच आग लावून शस्त्रागार उडवले.

पण सगळे काही नष्ट झाले नाही. तोफा आणि गोळे मोठ्या प्रमाणात शाबूत राहिले. बंदुकीच्या दारूचा मोठा साठा तर शहराबाहेर यमुनेच्या बाजूला होता आणि तो उठावकऱ्यांच्या हाती आला. उलट ८ जून रोजी बादली-की-सराय येथे लढून रिजवर तळ टाकणाऱ्या ब्रिटिश फौजेकडे जड तोफांचे गोळे इतके कमी होते की शहरातून आलेले गोळे वेचून आणणाऱ्यांना बक्षीस दिले जाई आणि तेच गोळे परत शहरावर डागले जात. जून महिन्यात कोणी साठा मोजला असता तर दिल्लीचे पारडे जड ठरले असते.

सप्टेंबरात चित्र उलटे झाले. त्याचे कारण समजून घ्या. बंदुकीची दारू म्हणजे साधारण ७५ टक्के शोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. शोरा आणि कोळसा उत्तर हिंदुस्थानात मिळे. गंधक बाहेरून यावे लागे. बंदुकीला लागणारी स्फोटक टोपी तर त्याहून कठीण वस्तू, कारण ती करायला रसायन आणि नेमके यंत्रकाम दोन्ही हवे. साठा खर्च होत गेला तशी शहरातच दारू तयार करण्याची धडपड सुरू झाली. ७ ऑगस्टला चुडीवालान भागातला दारूचा कारखाना स्फोटात उडाला आणि शेकडो माणसे गेली. जमावाने घातपाताचा संशय बादशहाचे हकीम अहसनुल्ला खान यांच्यावर घेतला आणि त्यांचे घर लुटले. टंचाईच्या काळात अपघातसुद्धा फितुरी वाटतो, हे इथे लक्षात घ्या.

रिजवरच्या फौजेमागे मात्र पंजाबचा रस्ता मोकळा होता. फिरोजपूरच्या शस्त्रागारातून जड तोफा आणि दारूगोळ्याचा ताफा निघाला. तो वाटेत अडवण्यासाठी दिल्लीतून फौज बाहेर पडली. २५ ऑगस्टला नजफगडजवळ निकल्सनने तिचा पराभव केला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताफा पोहोचला, १४ तारखेला हल्ला झाला आणि १६ तारखेला शस्त्रागार परत ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. त्या वेळीही आत पुष्कळ तोफा होत्या. दिल्लीचा पाडाव केवळ दारूगोळ्यामुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. पगार थकले होते, नेतृत्व विभागलेले होते. पण एक निष्कर्ष पक्का निघतो : भरलेले कोठार आणि चालू पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. कारगिल, १९९९ : गरज लागल्यावर खरेदी

कारगिलमध्ये भारतीय तोफखान्याने तोफगोळे, उखळी बाँब आणि रॉकेटे मिळून अडीच लाखांहून अधिक मारा केला. सुमारे ३०० तोफा, उखळी तोफा व रॉकेट प्रक्षेपकांतून रोज सरासरी ५,००० चा मारा होई. टायगर हिल परत घेतली त्या दिवशी हा आकडा ९,००० वर गेला. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी पत्रकारांना सांगितले होते की जे आहे त्याने आम्ही लढू. त्या वाक्यात जिद्द होती, तशी तुटवड्याची कबुलीही होती.

तातडीने परदेशात मागण्या नोंदवल्या गेल्या. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांनी हिशेब तपासला तेव्हा दिसले की तातडीच्या खरेदीतला बहुतांश माल लढाई संपल्यावर आला. विक्रेत्याला आपली निकड कळली की भावाची सूत्रे त्याच्या हाती जातात. जादा पैसा मोजूनही माल वेळेत आलाच नाही, तर तुम्ही पैसा आणि वेळ दोन्ही गमावता.

मग सैन्याने किती साठा ठेवावा? भारतीय लष्कराचे ठरलेले मान घनघोर लढाईच्या ४० दिवसांचे होते. ते अवघड जाते म्हणून किमान २० दिवसांची पातळी मानली गेली. कॅगच्या २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये १७० प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसही पुरणारा नव्हता. २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती आली : १५२ पैकी ६१ प्रकार, म्हणजे ४० टक्के, अजूनही १० दिवसांच्या खाली. सरकारी आयुधनिर्माणींचा पुरवठा कमी पडणे हे अहवालांनी दाखवलेल्या कारणांपैकी एक होते.

३. भाव का चढतात?

तोफगोळ्याची मागणी विचित्र असते. शांततेत ती जवळजवळ नसते; युद्धात एका आठवड्यात अनेक पट होते. शांततेच्या वीस वर्षांत कारखानदार रिकामी यंत्रे सांभाळत बसत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटनलाच गोळ्यांचा दुष्काळ पडला, सरकारची फेररचना झाली आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवे युद्धसामग्री खाते आले. युक्रेन युद्धातही हेच घडले. नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले की १५५ मिलिमीटर गोळ्याची किंमत २,००० युरोवरून ८,००० युरोवर गेली आहे.

आता थोडे गणित करा. रोज ५,००० गोळे आणि ४० दिवस धरले तर २ लाख गोळे. शांततेच्या भावाने ४० कोटी युरो, टंचाईच्या भावाने १६० कोटी. कारगिलच्या आकड्यात सगळेच गोळे या मापाचे नव्हते, म्हणून हा हिशेब फक्त अंदाजाचा. पण फरक कोणत्या आकाराचा असतो ते त्यातून कळते. सगळे जण एकाच वेळी साठा करायला धावले की त्यांच्या धावण्यानेच भाव आणखी चढतो. साठा करायचा तर बाजार शांत असताना.

४. साठवण्याचीही किंमत असते

तर मग भरपूर घेऊन ठेवावे, असे उत्तर सुचेल. पण दारूगोळा म्हणजे तांदूळ नव्हे. आणि तांदूळही जुना होतोच. स्फोटके कालांतराने बिघडतात, त्यांना आयुष्याची मुदत असते. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानातल्या भरतपूरच्या दारूगोळा कोठाराला आग लागली आणि सुमारे ४०० कोटी रुपयांचा साठा गेला. आज हाच जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. आवारातले गवत खर्च वाचवण्यासाठी कापले नव्हते, ही बाब नंतर पुढे आली. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात स्फोट झाले आणि अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, हे कारण तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितले. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला. त्यात सहा जण गेले.

हे शहाणपण आपल्याकडे नवे नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या दारूखान्याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत. दारूखाना घरांच्या जवळ किंवा वाऱ्याच्या झोताखाली नसावा. त्यावर सतत चौकी असावी. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे. भरतपूर आणि पुलगाव समोर ठेवून या सूचना वाचा. साठा म्हणजे एकदा खरेदी करून कुलूप लावायची वस्तू नव्हे. ते रोजचे काम आहे आणि त्यासाठी माणसे व पैसा दरवर्षी लागतो.

५. मग किती?

कारखाना पूर्ण वेगाने चालू व्हायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांचा खप म्हणजे गरजेचा साठा. उत्पादनाला सहा महिने लागणार असतील तर ४० दिवसांचा साठाही अपुरा. कारखाना, कच्चा माल आणि कुशल कामगार देशात तयार असतील तर थोड्या साठ्यावर भागते. म्हणून १८६९ पासून चालत आलेली खडकीची दारूगोळा निर्माणी, तसेच वरणगाव, भंडारा, चांदा, अंबाझरी ही नावे साठ्याच्या हिशेबात धरली पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुधनिर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्याहून चालते. तिचे यश मोजताना गोदामातले गोळे मोजाच, पण उद्या मागणी दहापट झाली तर किती दिवसांत ती पुरी होईल, हेही विचारा. तिथल्या कामगारांची सुरक्षितताही मोजा : जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या स्फोटात आठ जणांचे प्राण गेले.

विचारासाठी प्रश्न

१. जून १८५७ मध्ये दिल्लीतील उठावकऱ्यांचे सल्लागार तुम्ही असता, तर पहिल्या आठवड्यात कोणत्या वस्तूच्या पुरवठ्याची सोय लावली असती? कारण द्या.

२. एका गोळ्याचे आयुष्य १० वर्षे आणि साठा २ लाखांचा असेल, तर साठा ताजा ठेवायला दरवर्षी किती गोळे बदलावे लागतील? जुन्या गोळ्यांचे काय कराल?

३. करोनाकाळातील ऑक्सिजन सिलिंडर किंवा खतटंचाई यांपैकी एक उदाहरण घ्या. साठा, खप आणि पुरवठ्याचा वेळ या तीन शीर्षकांखाली त्याची मांडणी करा आणि सामान्य माणसांच्या साठेबाजीने टंचाई वाढली का, ते तपासा.