घाटावरची घोंगडी आणि कोकणचा पाऊस

'विणणे' हे क्रियापद मराठीत मोठे उदार आहे. खाट विणतात, टोपली विणतात, कोळी जाळे विणतो, सनगर मागावर घोंगडी विणतो आणि आजी दोन सुयांवर नातवाचे टोपडे विणते. बोलण्यात हे औदार्य गोड वाटते. इतिहास लिहावयास बसले म्हणजे मात्र ते अडचणीचे होते. हातविणीच्या वस्त्रांचा वारसा जतन करावा, असा पुकारा हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो ऐकून आपण महाड-पोलादपूरकडे पाहावे, तर सुयांवरचे लोकरकाम येथे फार जुने नाही. पश्चिम भारतात ते एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायका व मुलींच्या शाळा यांच्या वाटेने आले, आणि मुलांचे मोजे-टोपडी यांपलीकडे कोकणात त्यास फारसा वाव मिळाला नाही. या भागातील खरे जुने हातविणीचे लोकरी वस्त्र म्हणजे घोंगडी. आणि तिची कथा अशी चमत्कारिक आहे की, ती जेथे पांघरली गेली तेथे ती कधी विणलीच गेली नाही.

महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसात उभे राहून भातशेती करावयाची म्हणजे अंगावर काय घ्यावे, हा प्रश्न कवींचा नसून पोटाचा आहे. लावणी करणाऱ्या बाईस दोन्ही हात मोकळे हवेत व पाठ वाकलेली असते, तिच्यासाठी इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दडपलेली पळसादिकांची पाने, असे ते पाठीवरचे छप्परच. नांगरामागे चालणाऱ्या गड्यास वा गुराख्यास मात्र घोंगडीची खोळ. लोकरीचा धर्म असा की, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ती पोटात घेते, तरी अंगास ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना थोडी ऊब सोडते. भरडी लोकर मूळच्या मेणचट अंशासह विणली, म्हणजे पाण्याचा बराच भाग वरच्यावर ओघळून जातो. सुती पांघरूण भिजले की ते शत्रू होते. घोंगडी भिजूनही मित्रच राहते. 'भिजत घोंगडे' हा आपला वाक्प्रचार रखडलेल्या कामास लावतात खरा, पण या मुलखात भिजणे हेच घोंगडीचे काम होते.

आता ही लोकर यावयाची कोठून? या डोंगरांत राहणारे गवळी धनगर म्हशी व गाई पाळतात, मेंढ्या नव्हे. सततच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. आषाढ तिला सोसत नाही. मेंढी जगते ती घाटमाथा ओलांडून पूर्वेस गेल्यावर, माणदेशासारख्या कोरड्या प्रदेशात, जेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे घुटमळतो. शेटलंड बेटांवरील कोळी ज्या मेंढीच्या लोकरीचे कपडे घालीत, ती मेंढी त्यांच्याच पावसात, त्यांच्याच बेटावर चरत असे. आमच्याकडे तसे नाही. अवर्षणाच्या देशाने अतिवृष्टीच्या देशासाठी पांघरूण विणले, आणि या दोहोंमध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती.

त्या विणण्याचे कष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते, आणि एका मेंढीपासून वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपासच लोकर निघते. म्हणजे एका घोंगडीत चार-सहा मेंढ्यांचे वर्ष सामावलेले असते. लोकर निवडून पिंजावयाची, मग धनगरांच्या बायकांनी चरख्यावर वा चातीवर ती कातावयाची. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर ती 'जावळ'. तिच्या घोंगडीचे मोल अधिक. (पोलादपूरच्या डोक्यावर जावळीचे खोरे आहे, पण नामसादृश्यावर व्युत्पत्ती रचण्याचा मोह आम्ही आवरतो.) ताण्यास चिंचोक्यांची खळ लावून कुंच्याने ती सारखी करावयाची, नाहीतर हा भरडा धागा मागावर टिकत नाही. नंतर खड्डामागावर सनगराने बसावयाचे. म्हसवड, सांगोले, पंढरपूर या भागांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. रंग बहुधा मेंढीचाच, काळा. काठास पांढरी रेघ. रंगाऱ्याचे तेथे काही काम नाही.

देशावरचा माल घाट उतरून महाडास यावा व तेथून सावित्रीतून बाणकोटच्या खाडीकडे जावा, हा व्यापाराचा क्रम फार जुना. महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी त्या जुन्या राबत्याची साक्ष देतात. वरंध घाट, पार घाट, पुढे एकोणिसाव्या शतकात बांधलेला आंबेनळीचा घाट, याच वाटांनी घोंगडीही कोकणात आली. आणि ती केवळ शेतकऱ्याच्या खांद्यावर थांबली नाही. लोकर विटाळत नाही, अशी समजूत असल्यामुळे, श्रावणात सुती सोवळे वाळेनासे झाले की, ब्राह्मणाच्या घरात धाबळी नेसून स्वयंपाक व पूजा होई. शेतावर जी लोकर गरिबीची खूण, तीच देवघरात पावित्र्याची खूण.

येथे महाडचे नाव घेऊन एक गोष्ट टाळता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच गावी. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा तेथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, ज्या पेहरावावरून व दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, तो टाकून द्या. वस्त्रांच्या वारशाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा उपदेश ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते. जुना पेहराव टाकणे हा नेहमीच करंटेपणा नसतो. कित्येकदा ती सुटका असते. ज्यांनी सक्तीची वस्त्रे अंगावरून उतरविली, त्यांना 'वारसा का मोडला?' असे विचारण्याचा अधिकार कोणासही नाही. घोंगडीची गोष्ट मात्र थोडी निराळी. ती कोणी अपमान म्हणून भिरकावली असे आम्हांस दिसत नाही; ती हलक्या व स्वस्त प्लास्टिकपुढे हरली. प्लास्टिकचा कागद झटकला की कोरडा होतो. भिजलेली घोंगडी जड होते, वाळावयास दिवस घेते, अंगास टोचते व वासही मारते. शेतकऱ्याची निवड चुकली, असे घरात बसून म्हणणे सोपे आहे.

घाटावरचे दुसरे टोकही त्याच काळात सुटले. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे सर्वत्र आली. मेंढी लोकरीसाठी न राहता मटणासाठी राहिली. भरड्या दख्खनी लोकरीचा भाव इतका उतरला की, कातरणीची मजुरीही तिच्या विक्रीतून निघेना. मग कातरलेली लोकर फेकून देण्याचीच पाळी मेंढपाळांवर आली. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबा या दैवतांवर १९७६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि धनगरांचा धर्म अभ्यासकांच्या कपाटात मानाने जाऊन बसला. पण त्या दैवतांपुढे जी अंथरावयाची, त्या घोंगडीच्या धाग्यास गिऱ्हाईक उरले नाही.

म्हणून, चार जुन्या घोंगड्या मिळवून काचेच्या कपाटात ठेवणे यास जतन म्हणण्यास आमचे मन घेत नाही. लोकरीस कसर लागते, ही एक गोष्ट. आणि सावित्रीकाठी कपाटाचा भरवसा किती, हे जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा सर्वांनी पाहिले. त्याच पावसात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या शोकापुढे वस्त्राची काळजी क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो; पण अशा मुलखात माणसास पावसात ऊब देणारे पांघरूण हा हौसेचा विषय नाही, हेही त्यावरून कळावे.

जतन व्हावयाचे ते मेंढी, कातणारीण, सनगर आणि पांघरणारा यांच्यामधल्या देवघेवीचे. त्यातले एक सूत अजून शाबूत आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की, मेंढ्यांचे कळप आजही घाट उतरून रायगड-ठाण्याकडच्या खाचरांत बसविले जातात. लेंड्यांचे खत शेतास मिळते व मेंढपाळास धान्य वा पैसा. म्हणजे मेंढी आणि कोकणचा शेतकरी यांची गाठ वर्षातून एकदा समोरासमोर पडते. त्या सौद्यात लोकरीसही जागा मिळावी, चार खाचरांच्या खताबरोबर एका घोंगडीचा बयाणाही तेथेच ठरावा, आणि ती घोंगडी रोहिण्यांआधी घाट उतरून यावी, एवढी खटपट एखाद्या महाडकराने वा पोलादपूरकराने येत्या हंगामात करून पाहावी.