बुद्धिमापन, मराठी प्रदेशातील

व्यक्तीची बौद्धिक क्षमता, ठराविक प्रश्नांना तिने दिलेल्या उत्तरांवरून संख्येत मांडण्याची पद्धती. मराठीतील या क्षेत्रातील प्रारंभीचे महत्त्वाचे कार्य व्ही. व्ही. कामत यांचे होय.

फ्रान्समध्ये आल्फ्रेद बीने (1857–1911) व तेओदॉर सीमाँ यांनी शालेय शिक्षणात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी 1905 मध्ये पहिली श्रेणी रचली आणि 1908 मध्ये तिच्यातील प्रश्न वयोमानानुसार लावले. मानसिक वयाला वास्तविक वयाने भागण्याची कल्पना व्हिल्यम श्टेर्न यांनी 1912 मध्ये मांडली. ल्यूइस टर्मन यांनी 1916 च्या स्टॅनफर्ड श्रेणीत या भागाकारास 100 ने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. या श्रेणीच्या आधारे कामत यांनी धारवाड येथे मराठी व कन्नड मुलांसाठी कसोटी सिद्ध केली (1934). तिचे विवेचन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी ही कसोटी पुढे भारतात दीर्घकाळ वापरली गेली.

गणनरीती : स्टॅनफर्ड श्रेणीत तीन ते दहा वर्षांच्या प्रत्येक वयासाठी सहा प्रश्न असून प्रत्येकाचे मोल दोन महिने असते. एखाद्या मुलाने सहा वर्षांपर्यंतचे सर्व, सातव्या वर्षाचे तीन व आठव्या वर्षाचा एक प्रश्न सोडविला आणि पुढील एकही सोडविला नाही, तर त्याचे मानसिक वय 72 + 6 + 2 म्हणजे 80 महिने होते. वास्तविक वय 100 महिने असल्यास बुद्धिगुणांक 80 येतो. या मापनाला निरपेक्ष शून्य नाही. जळगावचे 45° से. तापमान 30° च्या दीडपट उष्णता दाखवीत नाही. त्याचप्रमाणे 120 बुद्धिगुणांक म्हणजे 60 च्या दुप्पट बुद्धी नव्हे. गुणांकाला अर्थ येतो तो समवयस्कांच्या मोठ्या नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणकांशी तुलना केल्यानेच.

मर्यादा : हा नमुना कोणत्या मुलांचा, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो. कामत यांचे कार्य मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात झाले. खानदेश त्याच इलाख्यात, पण त्या भागापासून दूर उत्तरेस होता. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले. धुळ्यातून 1998 मध्ये नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशात अनेक घरांची बोली अहिराणी असून सातपुड्याच्या परिसरात भिली बोली प्रचलित आहेत. ग्रांथिक मराठीतील प्रश्नाचा शब्दच न कळल्याने मूल निरुत्तर झाले, तर कसोटी त्याची बुद्धी मोजीत नाही, भाषेचा परिचय मोजते. तीच कसोटी पुन्हा दिली तरी बहुधा तितकाच कमी गुणांक येईल. म्हणजे विश्वसनीयता असूनही सप्रमाणता नसेल. पहिलीवरून दुसरीची खात्री देता येत नाही.

प्रत्येक गुणांकात मापनदोषही असतो. प्रमाण विचलन 15 आणि विश्वसनीयता गुणक 0.91 असल्यास मापनाची प्रमाण त्रुटी 15 × √0.09 म्हणजे 4.5 येते. गुणांक 68 आला, तर एका प्रमाण त्रुटीचा पल्ला 63.5 ते 72.5 असा होतो. अक्षमतेची सीमा सामान्यतः 70 च्या आसपास धरली जाते. ती या पल्ल्याच्या आतच पडते. केवळ एका आकड्यावर विसंबल्यास एखाद्या सक्षम मुलावर मंदत्वाचा शिक्का बसेल किंवा खरी गरज असलेले मूल साहाय्याला मुकेल. म्हणून अशा निर्णयात दैनंदिन व्यवहारातील कौशल्ये, घरची बोली व शालेय पार्श्वभूमी यांचा विचार आवश्यक मानला जातो. खानदेशासारख्या बहुभाषिक प्रदेशात बोलीतून सूचना, शब्दांवर अवलंबून नसलेल्या कृतिकसोट्या आणि स्थानिक प्रमाणके यांची जोड मिळाल्यासच बुद्धिगुणांकाचा अर्थ भरवशाने लावता येतो.