एका दिवसाचा समुद्र

समुद्र सर्वांचा आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याच्या काठी चार घटका निवांत बसण्याची सवड सर्वांना सारखी कधीच मिळाली नाही. ही सवड सामान्य माणसापर्यंत कशी पोहोचली, हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या जुन्या नगराच्या इतिहासावरून चांगले कळते.

अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रायटन हे कोळ्यांचे गाव होते. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्रजलाचा उपाय सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला, आणि श्रीमंत रुग्णांची तेथे रीघ लागली. ते पाणी स्नानाला तर वापरीतच, पण औषध म्हणून पीतही असत! चाकांवरच्या लाकडी खोलीत बसवून रुग्णाला घोड्यांकरवी लाटांपर्यंत नेत. तेथे बळकट बांध्याच्या स्त्रिया त्याला पाण्यात बुचकळून काढीत.

१७८३ साली युवराज जॉर्ज तेथे आला. पुढे, १८१५ पासून, जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाने त्याच्या वाड्याला घुमट व मिनार चढवून हिंदुस्थानी थाटाचा प्रासाद उभा केला. याच नगरात पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी बाष्पस्नानाचे व अंगमर्दनाचे गृह चालविले आणि राजाश्रय मिळविला. आपल्या चंपीशी नाते सांगणारा ‘शॅम्पू’ हा शब्द तेथे मालिश या अर्थानेच वापरला जात असे.

येथवर समुद्र रुग्णांचा आणि राजाचा होता. १८४१ साली लंडनहून आगगाडी आली. घोडागाडीचा पाच-सहा तासांचा प्रवास सुमारे दोन तासांवर आला. सवलतीच्या भाड्याच्या गाड्यांतून कारागीर, कारकून, मोलकरणी सकाळी येऊ लागल्या आणि रात्री परतू लागल्या. मुक्कामाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. एक दिवस मात्र परवडत होता. व्हिक्टोरिया राणीला हे गजबजलेले गाव रुचले नाही. १८५० मध्ये नगरवासीयांनी तो राजप्रासाद ५३,००० पौंडांना विकत घेतला. १८७१ साली सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला, आणि ऑगस्टचा पहिला सोमवार म्हणजे किनाऱ्यावरची जत्राच ठरली. पगारी रजेचा कायदा होण्यास मात्र १९३८ साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त विमानप्रवासाने इंग्रज प्रवाशाला स्पेनच्या उन्हात नेले. १८६६ साली खुला झालेला ब्रायटनचा पश्चिम धक्का १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ मध्ये आगीत सापडला. त्याचा लोखंडी सांगाडा मागे राहिला. १८९९ सालच्या दुसऱ्या धक्क्यावर मात्र आजही माणसे लोटतात.

श्रोतेहो, इतिहास राजांच्या मुक्कामांची नोंद अगत्याने ठेवतो. परंतु आठवडाभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने पोराबाळांसह लाटांत पाय भिजविले, तो दिवसही त्या नोंदीत असावयास हवा. तो दिवस मिळविण्यासाठी रेल्वे बांधावी लागली आणि कायदे करावे लागले.