विंडोजवर ‘फ्रीकट्रेड’ची उभारणी

‘फ्रीकट्रेड’ हे पायथन भाषेत लिहिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आभासी चलनांची खरेदी-विक्री आपण ठरविलेल्या नियमांनुसार आपोआप करते. विंडोजवर त्यासाठी ६४-बिट पायथन आणि गिट बसवून स्वतंत्र आभासी परिवेश तयार करावा लागतो. एवढे सहज होते. खरी अडचण येते ती ‘टीए-लिब’ या तांत्रिक विश्लेषणाच्या लायब्ररीपाशी. ती मुळात सी भाषेतली. तिची तयार प्रत न मिळाल्यास ती संगणकावरच बांधावी लागते आणि मायक्रोसॉफ्टची सी प्लस प्लस साधने नसतील तर काम तिथेच अडते. म्हणूनच विंडोजधारकांनी डॉकर वापरावे, अशी शिफारस स्वतः निर्मातेच करतात. संगणकाचे घड्याळ अचूक असावे, अन्यथा एक्स्चेंज विनंत्या नाकारू शकते.

सुरुवात ‘ड्राय-रन’नेच करावी. यात भाव खरे, पैसा मात्र काल्पनिक. जुन्या आकडेवारीवर देखणा नफा दाखवणारी पद्धत येथेच अनेकदा उघडी पडते. पुढे खरा पैसा लावायचा झाल्यास एक्स्चेंजकडून मिळणाऱ्या एपीआय किल्लीला रक्कम काढण्याचा अधिकार कदापि देऊ नये. किल्ली चोरीस गेली तरी चोराला खात्यातील रक्कम थेट काढता येत नाही. मनमानी सौदे मात्र तो करू शकतो.